कोपऱ्यातली सही

"बाई, पोकेमॉनवाल्यांनीच ढापलंय!"

२०२५ च्या ऑगस्टमधला शुक्रवार, शेवटचा तास, आणि आठवीतला एक मुलगा चित्रकलेच्या वर्गात शिरता शिरता हे ओरडला. ढापाढापीच्या तक्रारी माझ्या तासाला रोजच्याच. खोडरबर, दोन नंबरचा ब्रश, पोस्टर कलरचा पांढरा. पांढरा सगळ्यात आधी संपतो, म्हणून सगळ्यात जास्त तोच ढापला जातो. मी सवयीने विचारलं, "कुणाचं? आणि बघितलं कुणी?" तर म्हणाला, "हो-ओहचं चित्र, बाई. सगळ्या जगाने बघितलं."

मग त्याने जे सांगितलं ते तुम्हालाही सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर हा खेळ असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. पोकेमॉनच्या पत्त्यांचा हा मोबाईलवरचा खेळ. रोज पाकीट फोडायचं, नशिबात असेल ते कार्ड मिळवायचं. जुलै २०२५ च्या शेवटी नवी पाकिटं आली. त्यातलं सगळ्यांना हवंहवंसं कार्ड हो-ओहचं. हा सप्तरंगी पंखांचा, आगीशी नातं सांगणारा पक्षी. कार्ड दिसताच चाहत्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं की पक्ष्याची ही सगळी ठेवण आपण आधी पाहिली आहे. एका चाहत्याने २०२१ मध्ये काढलेल्या चित्रात. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली गेली आणि बोलायला जागाच उरली नाही. कंपनीने चूक मान्य केली. कार्डावर चित्राच्या जागी 'नवं चित्र लवकरच' अशा अर्थाची पाटी लागली. आणि स्पष्टीकरण असं आलं की, ज्या चित्रकाराला हे काम दिलं होतं त्याच्याकडे अधिकृत संदर्भ म्हणून चुकीचं साहित्य गेलं होतं.

मुलगा रागावला होता कंपनीवर. माझं डोकं मात्र त्या 'संदर्भ' शब्दापाशी अडकलं. म्हणजे काय झालं असेल बघा. कुणीतरी हो-ओहची चित्रं गोळा केली. एका फोल्डरमध्ये टाकली. कुठलं कंपनीचं, कुठलं चाहत्याचं, याची नोंद केली नाही. फोल्डर पुढे सरकला. ज्याच्या हातात आला त्याला वाटलं, हे सगळं आपल्याच घरचं.

हे वाचून तुम्हाला काही आठवतंय का? मला लगेच आठवलं. आपल्या मुलांच्या प्रोजेक्टचा फोल्डर.

म्हणून आज मुलांशी नाही, तुमच्याशी बोलायला बसले आहे. मुलांना हे विषय आपल्यापेक्षा जास्त कळतात. त्यांना कुठल्या गेममध्ये काय चोरीचं निघालं ते महिना-सालासकट पाठ असतं. आपल्याला फक्त 'सारखा मोबाईल' एवढंच दिसतं.

आधी एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी कंपन्यांची वकिली करत नाहीये. त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा असतात, कुणी पिकाचूचा मग विकला तर त्याला नोटीस धाडायला त्यांना उसंत मिळते. स्वतःच्या कपाटात कुणाचं काय येऊन पडलंय हे बघायला मात्र मिळत नाही, हे मला पटत नाही. पण मोठ्या कंपन्यांमधल्या अशा चोऱ्या वाचत गेलं की एक गोष्ट डोळ्यात भरते. काळा बुरखा घालून रात्री भिंत चढलेला चोर तिथे क्वचितच सापडतो. सापडतो तो घाईत असलेला, शुक्रवारी काम संपवायचं असलेला, 'कुणाचंय हे' असं न विचारलेला माणूस.

'मॅरेथॉन' नावाच्या गेमचं घ्या. बंजी ही अमेरिकेतली मोठी कंपनी, आता सोनीच्या मालकीची. २०२५ च्या उन्हाळ्यात या गेमची चाचणी आवृत्ती खेळाडूंच्या हातात आली आणि मे महिन्यात अँटीरिअल या नावाने काम करणाऱ्या एका ग्राफिक कलाकार बाईंनी जगाला दाखवलं की गेममधल्या भिंतींवर, खोक्यांवर जी चिन्हं नि अक्षररचना आहे ती त्यांनी २०१७ मध्ये केलेल्या पोस्टरांमधली आहे. ही चोरी कशी होते ते समजून घ्यायला हवं. गेममधली भिंत म्हणजे आतून पोकळ खोकं असतं. त्यावर जे गंज, तडे, आकडे, बाण, लेबलं दिसतात ते एका सपाट चित्रातून कापून चिकटवलेले असतात, आपण वहीला कव्हर घालतो तसे. या सपाट चित्राला टेक्स्चर शीट म्हणतात. एका शीटवर शेकडो बारीकसारीक तुकडे. त्यातले काही तुकडे कंपनी सोडून गेलेल्या एका कलाकाराने या बाईंच्या पोस्टरांमधून आणले होते, आणि उरलेल्या चमूला ते ठाऊक नव्हतं, असं कंपनीने सांगितलं. गेमच्या कलादिग्दर्शकाने जाहीर माफी मागितली. डिसेंबरमध्ये त्या बाईंनी कळवलं की प्रकरण आपल्या समाधानाने मिटलं आहे.

चला, एकदा झालं, असं म्हटलं असतं. पण याच कंपनीच्या 'डेस्टिनी २' या गेमच्या जाहिरातीत २०२१ मध्ये एका चाहत्याचं चित्र येऊन बसलं होतं, आणि २०२३ मध्ये गेमच्या आतल्या एका चित्रफितीत दुसऱ्याचं. दोन्ही वेळा कारण जवळपास तेच. बाहेरून काम करून देणाऱ्यांना ते चित्र कंपनीचंच वाटलं. चाहत्याने इतकं मन लावून काढलं होतं की ते खरं वाटलं! मला यात एक विचित्र दुःख दिसतं. आपल्या मुलाचं चित्र इतकं चांगलं व्हावं की त्याच्या चांगलेपणामुळेच त्याचं नाव पुसलं जावं.

कॅपकॉम या गेम कंपनीचं प्रकरण तर एखाद्या रहस्यकथेसारखं आहे. ज्युडी ज्युरासेक या अमेरिकन डिझाइनर बाईंनी भिंती, दगड, लाकूड, काच यांचे फोटो काढत भटकंती केली आणि १९९६ मध्ये 'सर्फेसेस' हे पुस्तक काढलं. सोबत फोटोंची सीडी. धंद्यासाठी वापरायचे तर परवाना घ्यायचा, अशी अट. २०२१ मध्ये त्यांनी कॅपकॉमवर दावा लावला. 'रेझिडेंट इव्हिल ४' या गाजलेल्या गेमच्या नावामागे जी फुटकी काच दिसते ती माझ्या फोटोतली आहे, आणि असे माझे किमान ८० फोटो कंपनीने दोनशेहून जास्त ठिकाणी वापरलेत, असं त्यांचं म्हणणं. काच फुटते ती प्रत्येक वेळी वेगळी. जुळ्या तड्यांच्या दोन काचा कुठून येणार? पण गंमत पुढेच आहे. २०२० मध्ये कॅपकॉमच्या संगणकांवर हल्ला होऊन तिथल्या फाइली बाहेर आल्या होत्या. त्यात निदान एका फाइलचं नाव बाईंच्या सीडीवरच्या फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळलं. नाव बदलायचीही तसदी घेतली नव्हती! २०२२ च्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं.

आणि 'कॉल ऑफ ड्यूटी'मधला कुत्रा. २०२२ मध्ये सैनिकाच्या वेशातलं पांढरं सॅमॉयेड कुत्रं खेळाडूंना विकायला आणलं होतं. एका कलाकाराने ते आपल्या चित्राशी लावून दाखवलं, आणि कंपनीने माफी मागून ते काढून घेतलं. मी हे वर्गात दाखवलं तेव्हा पोरं कुत्र्यातच रमली. असो.

आता घरी येऊ.

शाळेत 'पर्यावरण' किंवा 'आपले किल्ले' असा प्रकल्प दिला की आपण काय करतो? आपण म्हणते, कारण प्रकल्प मूल करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. रात्री साडेनऊला मुलाला आठवतं. आई चिडते, बाबा फोन काढतात, गुगलवर 'रायगड' टाकतात, वरची आठ चित्रं उतरवतात, सकाळी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट, चकचकीत कार्डशीट, डिंक. काही गावांत तर प्रकल्प तयार करून देणारी दुकानंच आहेत. विषय सांगा, संध्याकाळी घेऊन जा. त्या आठ चित्रांतलं एखादं कुणीतरी पहाटे चारला उठून, गड चढून, धुकं विरायची वाट बघत काढलेलं असतं. त्याचं नाव चित्राच्या कोपऱ्यात असतंसुद्धा. आपण ते कात्रीने कापतो. चोरायचं म्हणून नाही, चौकट नीट दिसावी म्हणून.

व्हॉट्सअॅपवर सकाळी येणाऱ्या कविता बघा. कुणाची तरी कविता, खाली नाव पुलंचं. किंवा कुसुमाग्रजांचं. किंवा मग 'अनामिक' आणि दोन हात जोडलेले. ज्याने लिहिली तो कुठेतरी परभणीत नाहीतर पेणला बसून आपलीच कविता दुसऱ्याच्या नावाने आपल्याच फोनवर वाचत असतो. मुलं हे बघतात. आपण त्यांना काही शिकवत नसतो तेव्हाच ती सगळ्यात जास्त शिकतात. हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, तरी मी पुन्हा सांगते, कारण मी स्वतः यात नापास झालेली आहे.

ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा वार्षिक अंक छापायला जायचा होता आणि मुखपृष्ठ तयार नव्हतं. सोमवारी सकाळी छापखान्याचा माणूस दारात उभा. मी चित्रप्रदर्शनाच्या गठ्ठ्यातून नववीतल्या एका मुलाचं जलरंगातलं चित्र ओढलं. शाळेच्या मागचा पिंपळ, पहिल्या पावसानंतरचा, पानांवर ओलं ऊन. सुरेख होतं. मुलाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही, शाळेतलं चित्र म्हणजे शाळेचंच. त्याची सही उजव्या कोपऱ्यात खाली होती. छापखान्याने शाळेच्या नावाची निळी पट्टी नेमकी तिथे टाकली. अंक आला, सगळ्यांनी वाखाणला, मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं. मुलगा काही बोलला नाही.

अकरा वर्षांनी एसटी स्टँडवर एक उंच तरुण समोर आला, वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, कुठे नोकरी करतो ते सांगितलं. चहा घेतला. गाडी लागली तेव्हा पायरीवरून वळून म्हणाला, "बाई, तो पिंपळ माझा होता. लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "आहे की." खरं तर तोवर नव्हता. गाडी गेल्यावर आठवला. घरी येऊन जुना अंक शोधला आणि त्या निळ्या पट्टीकडे बघत बसले.

अकरा वर्षं त्याने ती गोष्ट जपून ठेवली होती. राग म्हणून नाही, तो अजिबात रागावलेला दिसला नाही. पण ठेवली होती.

बरं, आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि इथे मला तुमची जरा जास्त गरज आहे. आपली मुलं काढतात ती बरीचशी चित्रं चाहत्यांची असतात. फॅन आर्ट म्हणतात त्याला. पिकाचू त्यांचा नाही, मारिओ त्यांचा नाही, बीजीएमआयमधला हेल्मेटवाला शिपाई त्यांचा नाही. मग पिकाचू काढणं म्हणजे चोरी का? एक आई मला खरोखर काळजीने हे विचारत होत्या. मी त्यांना म्हटलं, आमच्या पिढीने काय केलं? माझ्या आजोळी भिंतीवर चित्रकार मुळगावकरांचं एक जुनं कॅलेंडर होतं, साल उलटून किती वर्षं झाली होती तरी कुणी काढलं नव्हतं. मी त्या लक्ष्मीवर पेन्सिलीने चौकोन आखून, तेवढेच चौकोन वहीत आखून, एकेक चौकोन उतरवत चेहरा काढायला शिकले. मामा ओरडला ते कॅलेंडर खराब केलं म्हणून, नक्कल केली म्हणून नव्हे. नक्कल ही चित्रकाराची बाराखडी आहे. गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही.

पण गिरवलेली पाटी कुणी विकायला काढत नाही. आमच्या वर्गात एका मुलाने पिकाचूचे स्टिकर करून दहा रुपयांना एक असे विकले. वडील मला कौतुकाने म्हणाले, "धंद्याचं डोकं आहे हो पोराला." असेलही. मी फक्त विचारलं, पिकाचू कुणाचा? ते हसले. "बाई, दहा रुपयांनी त्या जपान्यांचं काय जातंय?" काही जात नाही, मान्य. पण मग उद्या याच मुलाचं चित्र कुणी उचललं, तर तोही म्हणेल, या पोराचं काय जातंय. वहीत काढणं, शिकण्यासाठी काढणं, मित्राला वाढदिवसाला देणं, याचा हिशेब कुणी मागायला येत नाही. पैसे घ्यायला बसलो की मागू शकतो, आणि मागण्याचा त्याला हक्क आहे. ही रेघ मुलांना कळते. आपणच ती पुसट करतो.

रेघ नेमकी कुठे, हे कंपनीगणिक बदलतं, हेही मुलाला माहीत असू द्या. अर्जेंटिनाच्या मिल्टन ग्वास्तीने निन्टेन्डोच्या जुन्या 'मेट्रॉइड २' या गेमची वर्षानुवर्षं खपून नवी आवृत्ती तयार केली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये फुकट देऊ केली. एक पैसा घेणार नव्हता. निन्टेन्डोने लगेच थांबवली. उलट सेगाने आपल्या 'सॉनिक'चा चाहता असलेल्या ख्रिश्चन व्हाइटहेडला बोलावून घेतलं आणि २०१७ मध्ये त्याच्या पुढाकाराने 'सॉनिक मेनिया' हा अधिकृत गेम आला. 'फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज'चा निर्माता स्कॉट कॉथन याने २०२० मध्ये आपल्या चाहत्यांनी बनवलेल्या गेमना स्वतःच पैशाचं पाठबळ दिलं. ग्वास्तीचं काय झालं म्हणाल, तर त्याचं काम पाहून दुसऱ्या स्टुडिओने त्याला घेतलं आणि 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या सुंदर गेमच्या रचनेत त्याचा हात लागला. म्हणजे प्रेमाने केलेलं काम वाया गेलं नाही. पण ते दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेलं घर होतं, आणि जमीनमालकाने रिकामं करायला सांगितलं तेव्हा रिकामं करावं लागलं. मुलाने चार वर्षं खपून काही करायच्या आधी त्याच्याशी हे बोलायला हवं. नाउमेद करायला नाही. घरासोबत पाया आपला असला तर बरं, एवढंच.

एक गोष्ट मात्र मुलंच मला शिकवून गेली. 'काउंटर-स्ट्राइक' या बंदुकांच्या खेळात बंदुकीला रंगीत कातडं चढवता येतं. त्याला स्किन म्हणतात. खेळाडूंपैकी कुणीही नक्षी करून पाठवायची, कंपनीने निवडली तर नफ्यात वाटा. २०१४ मध्ये लांडग्याच्या जळत्या तोंडाची 'हाउल' ही स्किन आली, आणि ते चित्र मुळात पाठवणाऱ्याचं नव्हतंच, हे उघड झालं. व्हॉल्व्ह या कंपनीने चित्र बदललं, पाठवणाऱ्यांचा वाटा बंद केला, आणि ती स्किन यापुढे नव्याने मिळणार नाही असं करून तिच्यावर 'प्रतिबंधित माल' असा खास शिक्का मारला. मग काय व्हावं? आधीपासून ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडचा माल दुर्मिळ झाला. आज त्या बंदुकीच्या कातड्याला हजारो डॉलर मोजतात. चोरीचा डाग लागला आणि भाव वाढला. माझ्या वर्गातली पोरं हे सांगताना डोळे विस्फारतात, आणि त्या विस्फारलेल्या डोळ्यांत चोरीचा राग नसतो, भावाचं अप्रूप असतं. मी त्यांना विचारलं, "मूळ लांडगा कुणी काढला होता?" वर्गात एकालाही नाव येत नव्हतं. किंमत सगळ्यांना येत होती.

तुमचं मूल तुमच्या कार्डावरून स्किन घेतं, तेव्हा पैसे गेले म्हणून ओरडा, जरूर ओरडा. पण ओरडून झाल्यावर जवळ बसवून विचारा, हे काढलं कुणी? बहुतेक वेळा त्याला सांगता येणार नाही. गेम संपल्यावर शेवटी नावं सरकतात, आपल्या सिनेमासारखीच, ती एकदा दोघांनी मिळून बघा. केवढी माणसं असतात! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. राजस्थानी वाडे, पहाडी शैलीतली भित्तिचित्रं, देवीदेवतांच्या कथा. जगभर खेळला गेला. त्यासाठी लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी हटले नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला फक्त दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसवणाऱ्या आईबाबांना मी हा गेम दाखवते. ब्रशातून पोट भरतं हे बघितल्यावर 'कुणाचंय हे' या प्रश्नाचं वजन एकदम वाढतं.

आता समजा, तुमच्याच मुलाचं चित्र कुणी उचललं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने काढलेली मांजर एका फुकटच्या मोबाईल गेमच्या चिन्हावर दिसली. कोण बनवणारा, कुठला, काही कळेना. घरच्यांनी पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुकानात, म्हणजे जिथून गेम उतरवतात त्या अॅप स्टोअरवर, तक्रार केली तेव्हा गेम गेला. महिन्याभराने दुसऱ्या नावाने परत आला. मांजर तीच, गळ्यात फक्त घंटा आली होती. त्या मुलीच्या आईने पुन्हा तक्रार केली. शाबास त्यांची. अशा वेळी लाज वाटू देऊ नका, आणि 'जाऊ दे ना, उलट प्रसिद्धीच झाली' असंही म्हणू नका. हे वाक्य मुलाच्या पाठीत बसतं.

आपल्याकडचा कायदा मुलाच्या बाजूचा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की चित्र काढून झालं त्या क्षणी ते काढणाऱ्याचं. नोंदणी सक्तीची नाही. काढणारा दहा वर्षांचा असला तरी हक्क त्याचाच, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. चित्राचे हक्क विकले तरी 'हे मी काढलं' म्हणण्याचा अधिकार विकला जात नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून अडगळीत टाकलं होतं. सरकारने पैसे मोजून करून घेतलेलं शिल्प, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला आणि वर पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पुरावा जपा, एवढं म्हणते. कच्चं रेखाटन फाडू नका. टॅबवर काढत असेल तर लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, असलेली मूळ फाइल ठेवायला सांगा, नुसतं तयार चित्र नव्हे, कारण तयार चित्र कुणीही उतरवतो, लेअर मात्र काढणाऱ्याकडेच असतात. चोरी दिसली की आधी तारखेसह स्क्रीनशॉट, मग तक्रार. उलट्या क्रमाने केलंत तर समोरचा चित्र काढून टाकेल आणि तुमच्या हातात काही राहणार नाही. पत्र तुम्ही लिहा, मूल अज्ञान आहे. सभ्य लिहा. दोन चित्रं शेजारी ठेवली की फार शब्द लागत नाहीत. आणि मुलाला कुणाला शिव्या घालायला बसू देऊ नका. हो-ओह काढणाऱ्याच्या हाती चुकीचा फोल्डर आला होता, हे आपण वर पाहिलंच.

मुलाला स्वतःचा गेम करायचा असेल तर चोरायची गरजही नाही. केनी नावाने मिळणारी चित्रं, झाडं, नाणी, भिंती कुणीही, अगदी धंद्यासाठीही, वापरावीत म्हणून मोकळी ठेवलेली आहेत. 'ओपन गेम आर्ट'वरही ढीगभर आहेत, फक्त प्रत्येकाखाली अट वाचायची. कुठे नाव लिहा म्हणतात, कुठे नको म्हणतात. स्क्रॅच हे गेम बनवायचं साधन तर बऱ्याच मुलांनी सुट्टीतल्या शिबिरात हाताळलेलं असतं. त्यात दुसऱ्याचा प्रकल्प घेऊन बदलायला परवानगीच असते, रीमिक्स म्हणतात, आणि मूळ कुणाचा होता ते आपोआप वर छापून येतं. पुसता येत नाही. मला ती सोय फार आवडते. माझ्या छापखान्यातल्या त्या निळ्या पट्टीलाही अशी काही अक्कल असती तर!

तुमच्यापैकी काहींनी २०२५ च्या मार्चमध्ये एआयकडून घिबली स्टुडिओच्या सिनेमांसारखा डीपी करून घेतला होता, मीही बघितले. गोड दिसत होतात. त्यावरून घरात मुलांनी काही विचारलं असेल तर काय उत्तर दिलंत ते मला कळवा, कारण मला अजून सापडलेलं नाही.

आणि तो आठवीतला मुलगा. पुढच्या शुक्रवारी त्याने हो-ओह काढून आणला. पोस्टर कलर, पांढरा अर्थातच शेजाऱ्याचा. पंख अप्रतिम झाले होते. मी म्हटलं, सही कर. तो पेन्सिल घेऊन कोपऱ्यापाशी थांबला. "बाई, हो-ओह पोकेमॉनवाल्यांचा. पण मी ते २०२१ चं चित्र बघून काढलाय. आणि रंग माझेत. कुणाचं नाव लिहू?"

मी म्हटलं, तिघांचंही लिही.

त्याने लिहायला घेतलं. तिसरं नाव येईपर्यंत कागद संपला. मग त्याने खोडरबर मागितला, सगळं खोडलं, आणि बारीक अक्षरांत पहिल्यापासून सुरुवात केली.